आम्हाला कार्यक्रम नको, शनिवार हवा



पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ खाली जाऊन माझ्या तीन मागण्या वाचाव्यात आणि हो किंवा नाही लिहून मोकळं व्हावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

गेल्या रविवारी आपल्या मंडळाची सभा झाली. तिच्यात दोन ठराव मांडले गेले. पहिला असा की, पुढच्या महिन्यापासून शनिवार संध्याकाळची पत्त्यांची बैठक बंद करावी आणि ती वेळ 'ज्येष्ठांसाठी उपक्रम' या नावाखाली व्याख्यानं, स्मरणशक्ती कार्यशाळा आणि गाण्याच्या स्पर्धांना द्यावी. दुसरा असा की, दर जानेवारीत आपण वीसेक माणसं चोडणला खारफुटीत फिरायला जातो, त्या फेरीचा 'निसर्ग महोत्सव' करावा. म्हणजे बस, बॅनर, एकसारखे टी-शर्ट, स्पीकर आणि अंताक्षरी. दोन्ही ठराव पुढच्या सभेत मताला येणार आहेत.

मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यातलं एक माइक नीट करण्यात गेलं. माइक सुरू झाल्यावर मला माझंच बोलणं समजेना, त्याचं कारण पुढे सांगतो. म्हणून जे राहिलं ते इथं लिहितो.

नवीन मंडळींना माझी ओळख नसेल. मी मूळचा बेळगावचा, शहापुरातला. बी.कॉम. तिथंच झालो. १९७४ साली राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून चिकटलो, १९८१ साली बदलीवर पणजीत आलो आणि परत गेलोच नाही. २०१२ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शनिवारची बैठक आम्ही सातजणांनी १९८४ साली सुरू केली. त्या सातांतले आता तिघं उरलोय. तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच कबूल करतो.

आता एकेक आक्षेप घेतो.

पहिला आक्षेप: 'पत्ते म्हणजे जुगार. मंडळाच्या नावाला शोभत नाही.'

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या बेळगावच्या घरात वडिलांनी पत्त्यांचा जोड येऊ दिला नव्हता. कारण धाकट्या काकांनी वाड्यातला आपला हिस्सा तीनपत्तीत घालवला होता. काकू त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात राबताना मी पाहिलीय. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवरचा, हाताचा साफ आणि बोलायला गोड असा एक सहकारी मटक्याच्या आकड्यापायी निलंबित झाला. त्याच्या कॅशची मोजणी मी केली होती. नोटा मोजताना माझे हात थरथरत होते. पैशाचा खेळ माणसाचं काय करतो हे मला व्याख्यानातून कळलेलं नाही.

शिवाय आपण राहतो पणजीत. संध्याकाळी नदीकाठी उभं राहिलं की मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे डोळ्यात घुसतात. बाहेरगावच्या भाच्याला मी 'शनिवारी आमची खेळाची रात्र असते' म्हटलं, तर तो विचारतो, 'मामा, कोणत्या बोटीवर?' सभेत एकानं २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याचाही दाखला दिला. अहो, तो कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आहे. आमच्या टेबलावर चिंचोके असतात! प्रत्येकाला सुरुवातीला पन्नास मिळतात, घरी जाताना सगळे परत डब्यात. १९८४ सालचा पहिला नियम तोच होता आणि तो मी काकूंकडे पाहूनच घालायला लावला होता. बेचाळीस वर्षांत या चिंचोक्यांच्या बँकेत एकही कर्ज बुडालेलं नाही. डबा मात्र दोनदा बदलला, किडे लागले म्हणून.

आणि पत्ते हे काही काल-परवाचं खूळ नव्हे. इथून जवळच सावंतवाडीला अजून हातानं रंगवलेले गंजिफा बनतात. गोल पानं, दशावताराच्या जोडात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा, अशी १२० पानं. आपल्या पणज्या-आज्या जे खेळत होत्या ते नातवंडांनी खेळलं तर मंडळाचं नाव बुडत नाही.

दुसरा आक्षेप: 'यातून निष्पन्न काय होतं?'

आमचे चिटणीस सभेत म्हणाले, 'ही खोली शनिवारी नॉन-परफॉर्मिंग ॲसेट आहे.' टाळ्याही पडल्या. चिटणीससाहेब, रागावू नका, पण शब्द वापरायचा तर नीट वापरा. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं तर खातं एनपीए होतं. आमची बैठक बेचाळीस वर्षांत सलग ९० दिवस बंद राहिली ती फक्त करोनात. बाकी पावसाळा, निवडणुका, गणपती, संप, सगळ्यांत हप्ता भरलेला आहे. आणि तुम्हाला आठवत नसेल, पण मला आठवतं. इयत्ता तिसरीत असताना तुम्ही तुमच्या बाबांबरोबर याच खोलीत यायचात आणि बदाम सातमध्ये सत्ती दाबून ठेवून सगळ्यांना रडवायचात. त्याचं निष्पन्न काय झालं ते आज चिटणीसाच्या खुर्चीत बसलंय.

पण निष्पन्नच हवं असेल तर एक प्रसंग सांगतो. ज्यांचा आहे त्यांना विचारून सांगतो.

आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. वहिनी गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात. दोघंही फोन करतात, पैसे पाठवतात, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. सर मंडळाच्या व्याख्यानांनाही यायचे, मागच्या रांगेत बसून निघून जायचे. येताना कुणी बघितलं नाही, जाताना कुणी विचारलं नाही. यात कुणाचा दोष नाही. व्याख्यानाला साठ माणसं असली काय आणि एकोणसाठ असली काय, वक्ता बोलतच राहतो.

मेंढीकोटाला मात्र चार लागतात. तीन माणसांत मेंढीकोट होत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एका शनिवारी सव्वापाच झाले तरी सर आले नव्हते. पाचच्या ठोक्याला येणारा माणूस. फोन केला, उचलला नाही. परत केला. साडेपाचला आमच्यातले दोघं छत्र्या घेऊन निघाले. दार आतून बंद. शेजारच्या बाईंकडे किल्ली होती. सर न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते दुपारी तीनपासून तिथं होते. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तसेच राहिले असते तर वेगळी गोष्ट झाली असती.

आम्ही काही त्यांची काळजी घ्यायला बसलो नव्हतो. आम्हाला चौथा गडी हवा होता, एवढंच. मी पुनःपुन्हा हेच सांगतोय. आमच्या वयाच्या माणसाला 'तुमचा सन्मान करतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. शाल मिळते, नारळ मिळतो. 'अहो, कुठं आहात, तुमच्यावाचून अडलंय' असं म्हणणारं कुणी उरत नाही. व्याख्यानाला आमच्यावाचून अडत नाही. डावाला अडतं. म्हणून व्याख्यान हे डावाच्या जागी येऊ शकत नाही. शेजारी जरूर यावं.

तिसरा आक्षेप: 'पुढच्या पिढीसाठी, मराठीसाठी काहीतरी ठोस हवं.'

इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि माझाही तो एकेकाळी होता.

आपण महाराष्ट्राच्या बाहेरचे मराठी. मी चार वर्षांचा असताना, १९५६ साली, राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. ती जखम घरात रोज जेवणाच्या पानाबरोबर वाढली जायची. इथं गोव्यात आलो तर १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळचं वातावरण पाहिलं. कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली, आणि एका ऑफिसात बसणारी माणसं कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हती. भाषेसाठी मोर्चे, ठराव, अधिवेशनं हे सगळं मी केलेलं आहे. त्याची टिंगल करत नाही.

पण माझ्या घरात काय झालं ते सांगतो. नातू इथल्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वय नऊ. मंडळाच्या स्पर्धेत त्यानं दोन वर्षं मराठी भाषणाचं बक्षीस घेतलं. भाषण सुनेनं लिहिलेलं, त्यानं पाठ केलेलं. घरी आल्यावर 'आजोबा, आय ॲम हंग्री.' बक्षिसाचा कप शोकेसमध्ये, मराठी बाहेरच उभी.

मग एका शनिवारी टेबलाला एक गडी कमी होता म्हणून त्याला बसवला. पहिल्याच डावात म्हणाला, 'टेन ऑफ हार्ट्स.' सर म्हणाले, 'या टेबलावर तसलं पान नाही. बदामाची मेंढी आहे, ती हवी का?' दश्शीला मेंढी म्हणतात यावर तो इतका हसला की पानं खाली सांडली. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी तो आठवड्यात शिकला. गुण लिहायचं काम मी त्याच्याकडे दिलं, तेव्हा एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यातला घोळही सुटला. कुणी त्याला 'मराठीत बोल' असं एकदाही म्हटलं नाही. तीन महिन्यांनी भर डावात तो हात आपटून म्हणाला, 'सर, थांबा! तुमच्याकडे इस्पिक होतं. पान असताना हुकूम मारलात तुम्ही!'

मंडळी, हे वाक्य नीट बघा. मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणून, भूतकाळ सांभाळून, पुराव्यासकट आरोप केलाय. पाठ केलेलं नव्हतं. सरांनी चूक मान्य केली आणि दंडाचे पाच चिंचोके भरले. चूक खरी होती की मुद्दाम, हे मी अजून विचारलेलं नाही.

आमच्या टेबलावर कोकणी बोलणारे आहेत, एक कारवारचे आहेत, ते रागावले की कानडीत जातात. बेळगावातही शेजारची कानडी मुलं आमच्याबरोबर कवड्या टाकायला यायची आणि मोठी माणसं बाहेर कट्ट्यावर सीमाप्रश्नावर भांडत असायची. भाषा टिकते ती गरजेनं. ज्या टेबलावर हुकूम काय ते मराठीतच सांगावं लागतं, तिथं ती टिकते. 'ठोस' हवं म्हणता ना? हे ठोस आहे. तुमच्या स्पर्धाही ठेवा, पण वर्षातून एकदा स्टेजवर तीन मिनिटं आणि दर शनिवारी तीन तास, यात जास्त कुठलं ते कॉमर्सवाल्याला विचारा.

एक दोष आमचाही

टीका करणाऱ्यांनी काढला नाही, पण आमच्या हिनं घरी काढला, म्हणून तो लिहितो. पहिली पंधरा-वीस वर्षं ही बैठक फक्त पुरुषांची होती. आम्ही बाहेर पानं पिसत होतो आणि बायका आत पोहे परतत होत्या. 'तुम्हाला माणसं जोडायची होती ना? मग आम्ही कोण होतो?' असं हिनं एकदा विचारलं, आणि उत्तर नव्हतं. त्यानंतर बदल झाला. आता बारा-तेरा जणांत सहा बायका असतात, चहा-पोह्यांची पाळी सगळ्यांची असते, आणि पाच-तीन-दोनमध्ये आमच्या हिच्यासमोर बसायला माणसं कचरतात. तेव्हा बैठक सुधारता येते. ती बंद करणं हा सुधारण्याचा मार्ग नाही.

आता खारफुटी

दुसऱ्या ठरावावर मी सभेत एक शब्दही बोलू शकलो नाही.

ज्यांनी ही फेरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जानेवारीतला एखादा रविवार, सुकतीची वेळ बघून ठरवलेला. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं चोडण. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. आत खारफुटीतून पायवाट जाते. आपला नियम एकच. आत शिरल्यापासून एक तास कुणी बोलायचं नाही. हा नियम आमच्यातल्या एका विज्ञानशिक्षकांनी घालून दिला. ते आता नाहीत, नियम आहे.

त्या तासात काय दिसतं? तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात, कारण चिखलात हवा नाही आणि झाडाला श्वास घ्यायचाय. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेंगेसारखं लांब होतं आणि मग खाली पडतं. चिखलात रुतलं तर तिथंच झाड, नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे. निवट्या मासा पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतो. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत बसलेले असतात. खंड्या असतो, बगळे असतात, थंडीत लांबून आलेले पाहुणे पक्षी असतात. पण हे सगळं वीस माणसं गप्प राहिली तरच. एकानं मोठ्यानं 'वॉव' म्हटलं की खेकडे बिळात आणि पक्षी पलीकडच्या काठाला.

आता माझ्या माइकचं कारण. गेली सात वर्षं मी कानाला यंत्र लावतो. आपल्या मंडळात यंत्र लावणारे निदान पंधराजण आहेत, काही लपवतात. हे यंत्र सगळाच आवाज मोठा करतं. शांत खोलीत चार माणसं बोलत असली तर मला छान कळतं. हॉलमध्ये स्पीकर, टाळ्या, खुर्च्यांची खरखर एकत्र आली की डोक्यात गिरणी सुरू होते. मग मी यंत्र काढून खिशात टाकतो आणि हसरा चेहरा करून बसतो. तुमच्या कार्यक्रमांच्या फोटोंत आम्ही म्हातारे हसताना दिसतो ना, त्यातले निम्मे असे असतात. खारफुटीत मात्र मी यंत्र लावून जातो. ओहोटीच्या चिखलातून बारीक चुटचुट आवाज येत असतो, तो मला ऐकू येतो. पाण्यात पडणारं बी ऐकू येतं. वर्षातून तो एक तास मला बहिरा असल्यासारखं वाटत नाही. तिथं स्पीकर आणलात तर तो तास तुम्ही माझ्याकडून काढून घ्याल. आणि ते अभयारण्य पक्ष्यांसाठी राखलेलं आहे हो! तिथं अंताक्षरीची परवानगी मागायला जायचं म्हणजे कोणत्या तोंडानं?

ऑपरेशननंतर सर गेल्या जानेवारीत पहिल्यांदा आले, काठी घेऊन. तासभर आम्ही त्यांच्या चालीनं चाललो. परतताना फेरीबोटीत ते कठड्याला टेकून उभे होते. अचानक म्हणाले, 'हिला तिसऱ्या फार आवडायच्या. धुऊन धुऊन वाळू काढायची आणि मला एक दाताखाली आली की माझ्यावरच ओरडायची.' सहा वर्षांत वहिनींबद्दल ते आमच्यासमोर पहिल्यांदा बोलले. मग रायबंदर येईपर्यंत बोलतच राहिले. 'दोन शब्द बोला' म्हणून त्यांच्या हातात माइक दिला असता तर काय बोलले असते? 'मंडळाचे आभार.'

माझी एक कबुली

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला शांतता हवी म्हणून तत्त्वज्ञान सांगतोय. तर ही कबुली घ्या.

१९८०च्या दशकात मी कर्जविभागात होतो. तारण म्हणून नदीकाठच्या जमिनी यायच्या. पाहणीला जायचो. खारफुटी दिसली की फाइलवर शेरा ठरलेला: 'दलदल. पडीक. उत्पन्न शून्य.' हा शेरा मी माझ्या हातानं अनेकदा लिहिलाय. साहेबांनी सही केली, कुणी आक्षेप घेतला नाही. तेव्हा सगळेच असं समजायचे. पुढे १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आली आणि खारफुटी सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात गेली. मी ज्याला शून्य म्हणत होतो ते भरतीचा जोर मोडत होतं, बांधाची माती धरून ठेवत होतं, मासळीच्या पिल्लांना आसरा देत होतं. माझ्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कुणी खाजनवाले मित्र मला धरतील. सगळीच खारफुटी आनंदाची नसते. खाजनाचा बांध फुटला, मानशीकडे कुणी बघितलं नाही आणि खारं पाणी आत शिरलं, की कोरगुट भाताच्या शेतात खारफुटी उगवते. ती हिरवी दिसते, पण ती कुणाची तरी गेलेली शेती असते. तेव्हा कुठं काय असावं याला महत्त्व आहे. हॉलमध्ये व्याख्यान हवं. स्पर्धेला स्टेज हवं. ते बांध फोडून शनिवारच्या खोलीत आणि चोडणच्या चिखलात शिरलं की तिथलं जे होतं ते जातं.

आज चिटणीसांच्या अहवालात शनिवारपुढे काही लिहिता येत नाही. फोटो नाही, पाहुणा नाही, पेपरात बातमी नाही. म्हणून शेरा पडलाय: उत्पन्न शून्य. हा शेरा माझ्या ओळखीचा आहे. मी तो चुकीचा लिहीत होतो. तुम्ही तीच चूक करू नका.

माझ्या तीन मागण्या

१. शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ खोली पत्त्यांसाठी, कॅरमसाठी, ज्याला जे खेळायचंय त्यासाठी राहू द्या. आठवड्याचे बाकी सहा दिवस आणि शनिवारची सकाळ तुमची. व्याख्यानांना मी स्वतः येईन, यंत्र खिशात घालून. वीजबिलाचा प्रश्न असेल तर शनिवारच्या तीन तासांचं बिल आम्ही खेळणारे भरू, हिशेब मी देईन.

२. जानेवारीची चोडणची फेरी आहे तशीच राहू द्या. वीस माणसं, सुकतीची वेळ, एक तास गप्प. निसर्ग महोत्सव करायचाच असेल तर तो जरूर करा, मैदानात करा, वर्गणी देतो.

३. ठराव मताला टाकण्याआधी कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं एक शनिवार येऊन खेळावं. बघायला नको, खेळायला. फोटो काढायला कुणी येऊ नये.

मतदानात हरलो तर हरलो. सभेचा निर्णय मान्य, बेचाळीस वर्षं मान्य करत आलोय. मग टेबल आमच्या घरच्या गॅलरीत लावू. पण गॅलरीत एकच टेबल बसतं, म्हणजे चारच माणसं. बाकीच्या आठ-नऊ जणांनी शनिवारी पाच वाजता कुठं जायचं, आणि ते आले नाहीत तर सव्वापाचला कोण फोन करायचा, ते ठरावाखाली लिहून द्या.

या शनिवारी बैठक नेहमीसारखी आहे. पोह्यांची पाळी माझी आहे, तेव्हा मिठाबद्दल आधीच क्षमा. सर येणार आहेत. नातवाची परीक्षा आहे म्हणून तो येणार नाही. म्हणजे एक जागा रिकामी आहे.

चिटणीससाहेब, या. सत्ती दाबून ठेवलीत तरी चालेल.